मुलगा अमेरिकेत आहे, पण कुठल्या कागदावर?

अमेरिकेचं स्थळ आलं की घरात काय काय विचारलं जातं, ते तुम्हाला ठाऊक आहेच. पगार किती, घर स्वतःचं की भाड्याचं, आईवडील सोबत राहतात का, पत्रिका जुळते का. मुलगा नॉनव्हेज खातो का, हेही कुणीतरी हळूच विचारून घेतं. पण एक प्रश्न बहुतेक बैठकांमध्ये राहून जातो, आणि लग्नानंतरची पाच-दहा वर्षं कशी जाणार हे बऱ्याच अंशी त्यावरच ठरतं. मुलगा तिथे नेमका कुठल्या कागदावर राहतो?

‘तो तिकडे सेटल आहे’ हे या प्रश्नाचं उत्तर नाही. उत्तर बहुतेक वेळा तीनपैकी एक असतं. तो अमेरिकेचा नागरिक आहे, त्याच्याकडे ग्रीन कार्ड आहे, किंवा तो एच-१बीसारख्या नोकरीच्या व्हिसावर आहे. विचारायला संकोच वाटत असेल तर मामा-काकांना पुढे करा, पण विचारा.

(या लेखात मी ‘नवरा तिकडे, बायको इकडे’ असंच लिहितेय, कारण प्रश्न विचारणाऱ्या बहुतेक मुलीच असतात. मुलगी तिकडे आणि मुलगा इकडे असेल तरी नियम तेच आहेत.)

तीन नवरे, तीन रांगा

नवरा अमेरिकन नागरिक असेल तर बायको कायद्याने ‘अगदी जवळची नातेवाईक’ ठरते. अशा नातेवाइकांना दरवर्षी किती व्हिसा द्यायचे यावर मर्यादा नाही. म्हणजे रांग नाही, फक्त कागद पुढे सरकायला लागणारा वेळ आहे. तो वेळही कमी नाही. अर्जापासून मुलाखतीपर्यंत दीड-दोन वर्षं धरूनच चाला. पण तुम्ही तिथे उतरता त्या दिवशी कायम रहिवासी म्हणूनच उतरता. दुसऱ्या दिवशी नोकरी मिळाली तर दुसऱ्या दिवसापासून करता येते.

नवऱ्याकडे ग्रीन कार्ड असेल तर बायको एफ-२ए नावाच्या गटात येते. या गटाला वार्षिक कोटा आहे, त्यामुळे नंबर लागेपर्यंत थांबावं लागतं आणि हे थांबणं काही वर्षांचं असू शकतं. मधल्या काळात नवरा नागरिक झाला तर तुमचा अर्ज पहिल्या गटात जातो. मात्र नागरिकत्वाचा कागद त्याला तिथल्या कार्यालयाला कळवावा लागतो, हे आपोआप होत नाही.

तिसरा प्रकार आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसतो. नवरा एच-१बीवर, म्हणून बायको एच-४वर. हा व्हिसा तुलनेने लवकर मिळतो. लग्न झालं आणि काही महिन्यांत मुलगी विमानात बसली, असं जे दिसतं ते बहुतेक वेळा एच-४चं असतं. घरच्यांना वाटतं, झालं, सुटलो. पण एच-४वर नोकरी करता येत नाही. सोशल सिक्युरिटी नंबर साधारणपणे मिळत नाही. मे २०१५पासून काही एच-४धारकांना कामाचा परवाना मिळू लागला, पण त्यासाठी नवऱ्याचा ग्रीन कार्डचा अर्ज एका ठरावीक टप्प्यापर्यंत पोहोचलेला हवा. आय-१४० हा कंपनीने भरायचा अर्ज मंजूर झालेला असणं, ही त्यातली मुख्य अट. शिवाय नोकरीवर मिळणाऱ्या ग्रीन कार्डांत कुठल्याही एका देशाला वर्षाला ७ टक्क्यांहून जास्त वाटा मिळत नाही आणि भारतीयांचे अर्ज त्याच्या कितीतरी पट आहेत. ही रांग दहा वर्षांहून लांब जाते.

म्हणजे जो नवरा तुम्हाला सगळ्यात लवकर घेऊन जातो, त्याच्यासोबतच तुम्हाला स्वतःच्या हक्काच्या कागदासाठी सगळ्यात जास्त थांबावं लागू शकतं. माझ्या एका मावसबहिणीने हे आधी समजून घेतलं होतं. इंदूरची मुलगी, पुण्यात चांगल्या पगाराची नोकरी. तिने होणाऱ्या नवऱ्याला साखरपुड्याआधीच विचारलं, “तुझं आय-१४० झालंय का?” सासूबाईंना तो आजाराचा काही प्रकार वाटला. पण उत्तर ‘हो’ होतं, त्यामुळे तिकडे गेल्यावर परवाना हातात यायला किती महिने लागतील हे तिला आधीच ठाऊक होतं आणि तेवढ्या पैशांची सोय तिने इथेच करून ठेवली होती. एच-४वर जाऊ नका असं मी म्हणत नाही. कितीतरी जणी आनंदाने जातात, शिकतात, मुलं वाढवतात. फक्त काय घेऊन चाललोय ते माहीत असावं.

अर्ज त्याचा, फाइल तुमची

इथून पुढे नवरा नागरिक आहे असं धरून चालू, कारण व्हिसापासून नागरिकत्वापर्यंतचा सरळ रस्ता तोच आहे. पहिला अर्ज म्हणजे आय-१३०. तो नवऱ्यानेच भरायचा असतो, तुम्हाला भरता येत नाही. एप्रिल २०२४पासून त्याची फी ऑनलाइन ६२५ डॉलर आणि कागदावर ६७५ डॉलर आहे. मंजूर झाला की फाइल नॅशनल व्हिसा सेंटरकडे जाते. तिथे आणखी ३२५ आणि १२० डॉलर भरायचे आणि मग तुमचा स्वतःचा अर्ज, डीएस-२६०, ऑनलाइन भरायचा. फी अधूनमधून बदलते, म्हणून पैसे भरण्याच्या दिवशी अमेरिकी सरकारच्या संकेतस्थळावर आकडा बघून घ्या, एजंटने सांगितलेला आकडा नको.

अर्ज त्याचा असला तरी निम्म्याहून जास्त कागद तुमच्याकडचे असतात. खरी दमछाक इथेच होते, आणि आपल्या मराठी घरांची तर नावांवरून होते.

बघा ना. जन्मदाखल्यावर नुसतंच ‘मुलगी’, नावाची जागा रिकामी. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी. पासपोर्टवर वडिलांचं नाव मधलं. आधारवर लग्नानंतर बदललेलं. आणि काही घरांत अजूनही ताटातल्या तांदळांत अंगठीने लिहिलेलं नवं नाव, जे लग्नाच्या दाखल्यावरही चढलंय! तुम्हाला या पाच जणी एकच आहेत हे माहीत आहे. मुंबईच्या खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्याला ते कागदावरून पटवून द्यावं लागतं.

माझं स्पष्ट मत विचाराल तर, पासपोर्टवर जे नाव आहे तेच पूर्ण प्रक्रिया संपेपर्यंत ठेवा. व्हिसा पासपोर्टवरच्या नावानेच मिळतो. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा ना इथे आहे ना तिथे, आणि पुढे नागरिकत्वाच्या अर्जासोबतही नाव बदलून मागता येतं. सासरच्यांना वाईट वाटत असेल तर हाक मारायला नवं नाव खुशाल वापरू द्या. जन्मदाखल्यात नाव नसेल तर महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत जाऊन ते लावून घ्या. या कामाला अर्ज भरायच्या आधीच लागा, कारण तिथले हेलपाटे तुम्ही जाणताच. दाखला फक्त मराठीत असेल तर इंग्रजी प्रमाणित भाषांतर जोडावं लागतं. लग्नाची नोंदणी लग्नाच्याच आठवड्यात करून टाका. लग्नपत्रिका आणि भटजींनी दिलेला कागद यांना दाखल्याची किंमत नाही. पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळतो. नोकरीसाठी दुबईत किंवा सिंगापूरला वर्षभराहून जास्त राहिला असाल तर तिथलाही लागतो.

लग्न खरं आहे याचा पुरावा म्हणून लोक ८०० फोटोंचा अल्बम घेऊन जातात. तो कुणी बघत नाही. वेगवेगळ्या तारखांचे, दोन्हीकडच्या माणसांसोबतचे पंधरा-वीस फोटो, एकमेकांना भेटायला केलेल्या प्रवासाची तिकिटं, कॉल आणि मेसेजच्या नोंदी, एकमेकांना वारस म्हणून दाखवलेली विमा पॉलिसी किंवा बँक खातं, हे जास्त बोलकं असतं. आणि ठरवून केलेलं लग्न लपवू नका. ‘आम्ही लग्नाआधी दोनदाच भेटलो’ हे सांगायला मुली घाबरतात. मुंबईतले अधिकारी रोज अशी लग्नं बघतात. गोष्ट खरी आणि दोघांची सारखी असली की पुरे.

उत्पन्नाचा कागदही समजून घ्या. नवऱ्याला आय-८६४ नावाचं हमीपत्र द्यावं लागतं. त्याचं उत्पन्न तिथल्या सरकारने ठरवलेल्या गरिबीरेषेच्या किमान १२५ टक्के असावं लागतं. नसेल तर दुसरा कुणी नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक सह-हमीदार होऊ शकतो. या कागदाबद्दल बायकांना सहसा कुणी सांगत नाही अशी एक गोष्ट आहे. ही हमी घटस्फोटाने संपत नाही. तुम्ही नागरिक होईपर्यंत, किंवा तिथल्या हिशेबाने सुमारे दहा वर्षांच्या कामाची नोंद होईपर्यंत, ती त्याच्यावर कायम राहते. तुम्ही कायमचा देश सोडलात किंवा दोघांपैकी कुणाचा मृत्यू झाला तरच ती त्याआधी सुटते.

“तोपर्यंत टुरिस्ट व्हिसावर जाऊन राहते की!” हा सल्ला प्रत्येक लग्नघरात कुणीतरी देतंच. कायमचं राहायचं मनात ठेवून अधिकाऱ्याला ‘फिरायला चालले’ असं सांगणं म्हणजे खोटी माहिती देणं. ते सिद्ध झालं तर अमेरिकेची दारं कायमची बंद होऊ शकतात.

मुंबईची खिडकी

तुम्ही बडोद्यात असा, बेळगावात की हैदराबादेत, भारतातल्या अर्जदारांच्या या व्हिसाच्या मुलाखती साधारणपणे मुंबईतच, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वाणिज्य दूतावासात होतात. त्याआधी त्यांनी नेमलेल्या डॉक्टरांकडे तपासणी होते. छातीचा एक्स-रे आणि लसींची नोंद तिथे लागते. लहानपणीचं लसीचं कार्ड आईच्या कपाटात सापडलं तर काही सुया वाचतात.

मुलाखत बहुतेक वेळा काही मिनिटांची असते. जाताना मूळ कागद सगळे न्या. याच वेळी तुम्हाला एक माहितीपत्रक मिळतं, ज्यात जोडीदार म्हणून तिथे जाणाऱ्यांचे हक्क लिहिलेले असतात. २००५च्या एका अमेरिकी कायद्यामुळे ते देणं बंधनकारक झालं. घाईत पिशवीत कोंबू नका, परतीच्या गाडीत बसून वाचा. व्हिसा मिळाल्यावर ग्रीन कार्डासाठी २३५ डॉलर ऑनलाइन भरायचे असतात.

दोन वर्षांचं कार्ड

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. अमेरिकेत प्रवेश करण्याच्या दिवशी लग्नाला दोन वर्षं पूर्ण झालेली नसतील तर मिळणारं ग्रीन कार्ड दोनच वर्षांचं असतं. त्याला सशर्त कार्ड म्हणतात. दोन वर्षं झालेली असतील तर दहा वर्षांचं मिळतं. त्यामुळे लग्नाचा दुसरा वाढदिवस दोन-तीन आठवड्यांवर असेल आणि व्हिसाची मुदत त्यापुढची असेल, तर तिकीट थोडं पुढचं काढा आणि विमानतळावरच्या अधिकाऱ्याला लग्नाची तारीख दाखवा. पुढचा एक मोठा अर्ज वाचतो.

सशर्त कार्ड असेल तर मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत नवरा-बायकोने मिळून आय-७५१ अर्ज करायचा असतो. विसरलात तर राहण्याचा हक्कच जातो. म्हणून कार्ड हातात आल्या दिवशी ती तारीख फोनमध्ये टाका, आणि ती त्याच्या फोनमध्ये नाही, तुमच्या फोनमध्ये टाका.

‘मिळून’ या शब्दावरच काही घरांत सगळा खेळ चालतो. “मी सही करणार नाही, मग बघ कशी राहतेस”, “एक फोन केला तर तुला परत पाठवतील”. फोनवर आईशी बोलताना मुलगी हे सांगत नाही, आणि सांगितलं तर पलीकडून ‘थोडं सांभाळून घे’ असं उत्तर येतं. आईलाही वाटत असतं की कागद त्याच्या हातात आहेत.

कायदा तसा नाही. तुम्ही तिथे उतरेपर्यंत नवरा अर्ज मागे घेऊ शकतो, हे खरं. पण एकदा ग्रीन कार्ड मिळालं की तो ते काढून घेऊ शकत नाही आणि तुम्हाला देशाबाहेरही काढू शकत नाही. आय-७५१ एकटीने भरायचीही सोय आहे. लग्न मनापासून केलं होतं पण घटस्फोट झाला, नवऱ्याने छळ केला, नवरा वारला, किंवा परत पाठवल्यास तुमचे फार मोठे हाल होतील, अशा कारणांसाठी त्याच्या सहीची गरज नाही. त्यासाठी त्या ९० दिवसांची वाटही पाहावी लागत नाही. छळ होत असेल तर १९९४च्या ‘व्हायोलन्स अगेन्स्ट विमेन ॲक्ट’खाली नागरिकाची किंवा ग्रीन कार्डधारकाची बायको, अजून ग्रीन कार्ड मिळालेलं नसलं तरी, स्वतःच्या नावाने अर्ज करू शकते. तो अर्ज गोपनीय राहतो.

एच-४वरच्या बाईची बाजू यापेक्षा कमकुवत आहे, हे मान्य करायला हवं. घटस्फोट झाला की तिचा व्हिसाचा आधारच जातो. तरीही छळ सिद्ध करता आला तर तिला स्वतंत्रपणे कामाचा परवाना मागता येतो. त्या अर्जाचं नाव आय-७६५व्ही.

ही माहिती असून मदत मागायची तर कुठे? न्यू जर्सीत १९८५पासून ‘मानवी’ आणि न्यूयॉर्कमध्ये १९८९पासून ‘सखी’ या संस्था दक्षिण आशियाई बायकांसाठी काम करतायत. अमेरिकेत कुठूनही लावता येणारा कौटुंबिक हिंसाचाराचा राष्ट्रीय मदतक्रमांक १-८००-७९९-७२३३ आहे. भारतातून आईवडिलांना तक्रार करायची असेल तर राष्ट्रीय महिला आयोगात परदेशस्थ भारतीयांशी झालेल्या लग्नांसाठी वेगळा कक्ष आहे.

यातलं काहीच आपल्याला लागणार नाही असं मनात आलं असेल, तर बहुतेकींच्या बाबतीत ते खरंही ठरेल. तरी पासपोर्ट, ग्रीन कार्ड, लग्नाचा दाखला आणि आय-८६४ यांचे फोटो स्वतःच्या ईमेलवर ठेवा, पासवर्ड स्वतःचा ठेवा. मूळ पासपोर्ट ‘नीट राहील’ म्हणून सासूबाईंच्या लॉकरमध्ये देऊ नका. पहिल्या महिन्यात स्वतःच्या नावाचं बँक खातं उघडा. चांगल्या घरातही हे केल्याने कुणाचं काही बिघडत नाही.

शपथ आणि सातबारा

ग्रीन कार्डवर साधारण पाच वर्षं झाली की नागरिकत्वाचा अर्ज, म्हणजे एन-४००, करता येतो. नागरिक नवऱ्यासोबत ही वर्षं काढली असतील आणि तोही त्या पूर्ण काळात नागरिक असेल तर तीन वर्षं पुरतात. दोन्हीकडे मुदत भरण्याच्या ९० दिवस आधी अर्ज टाकता येतो. तीन वर्षांच्या रस्त्यात किमान १८ महिने प्रत्यक्ष अमेरिकेत राहिलेलं असावं लागतं.

इथे आपल्याकडच्या मुलींनी माहेरच्या बाळंतपणाचा हिशेब आधी करावा. सातव्या महिन्यात यायचं आणि बाळ पाच महिन्यांचं झालं की जायचं, असं आईच्या मनात असतं. पण सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलात तर तुमचं घर खरोखर तिथे आहे का, हे सिद्ध करण्याची जबाबदारी तुमच्यावर येते. वर्षभर राहिलात तर नागरिकत्वासाठी मोजला जाणारा काळ तुटतो. शक्य असेल तर आईलाच तिकडे बोलवा.

परीक्षेचं दडपण घेऊ नका. २० ऑक्टोबर २०२५पासून आलेल्या अर्जांसाठी इतिहास आणि राज्यव्यवस्थेचे १२८ प्रश्न तयार करायचे असतात. त्यातले २० पर्यंत तोंडी विचारतात आणि १२ बरोबर आले की झालं. इंग्रजी वाचायला आणि लिहायला तीन-तीन वाक्यं देतात, प्रत्येकी एक बरोबर आलं तरी चालतं. आपल्याकडची दहावी यापेक्षा कठीण होती.

शपथ मात्र घाईत घेऊ नका. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. १९५५च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार, स्वतःहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं आपोआप संपतं. त्यानंतर भारतीय पासपोर्टवर प्रवास केला तर दंड होतो, म्हणून तो जमा करून त्याचं प्रमाणपत्र घ्यायचं आणि मग ओसीआय कार्डासाठी अर्ज करायचा. ओसीआयवर भारतात हवं तितकं येता येतं, राहता येतं, फ्लॅटही घेता येतो. मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वडिलांच्या सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव लागू शकतं. पण बांधाला लागून असलेला चुलत्यांचा तुकडा विकायला निघाला तर तो तुमच्या नावावर घेता येणार नाही, आणि वारसाने आलेली जमीन पुढे विकायची झाली तर ती इथल्या भारतीय नागरिकालाच विकावी लागेल.

गावी शेती असलेल्यांनी हे शपथेची तारीख येण्याआधी वडिलांशी आणि भावंडांशी बोलून घ्यावं. काही जणी ग्रीन कार्डवरच राहतात, दर दहा वर्षांनी ते नवं करून घेतात आणि निवडणुकीला गावी जाऊन मत देऊन येतात. तेही चालतं, फक्त दर वेळी सहा महिन्यांच्या आत परत जायचं.